धरण नसलेल्या नदीवर, ट्राउटच्या मागे

आधी टायमिंगचं सांगते, कारण ज्यांना ज्यांना आमच्या ट्रिपबद्दल, म्हणजे हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा पकडायला गेलो त्याबद्दल, सांगितलं त्या सगळ्यांनी हेच विचारलं, की सप्टेंबरच्या शेवटी का, मेच्या सुट्टीत का नाही. तर मे-जूनमध्ये हिमाचलातल्या नद्या बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या असतात, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा गाळ येतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीच बंद, कारण तो त्यांचा अंडी घालायचा काळ. मग उरतात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मान्सून परत फिरतो तो वायव्येकडून, म्हणजे हिमाचल आपल्या आधी कोरडं होतं, इकडे पुण्यात अजून दुपारचे ढग गडगडत असतात नि संध्याकाळी सिंहगड रोड तुंबलेला असतो तेव्हा तिकडे आभाळ स्वच्छ आणि नदी रोज थोडी थोडी उतरत, निवळत असते. पाणी गार पडायला लागतं आणि ब्राऊन ट्राउट थंडीच्या आधी पोटभर खाऊन घेतो. आम्हाला नेमका हाच काळ गाठायचा होता.

आम्ही म्हणजे मी, माझे काका आणि आतेभाऊ, ज्याला मी दादाच म्हणते. काका खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, लहानपणापासून मुठेवर आणि खडकवासल्याच्या बॅकवॉटरला गळ टाकत आलेले. गेली काही वर्षं त्यांना फ्लाय फिशिंगचं वेड लागलंय आणि ते त्यांनी मलाही लावलं.

शुक्रवार, पुणे

घरी थोडी कुरकुर झाली. पितृपक्ष संपायला एक-दोन दिवस उरलेले, आई म्हणाली, पितृपक्षात कुठे मासे मारायला निघालात गं. काकांनी तिला शांतपणे सांगितलं, वहिनी, मारणार नाही, पकडून सोडणार. त्यावर आई म्हणाली मग जाता कशाला, पण डब्यात चिवडा आणि बाकरवडी भरून दिली.

सकाळी तळजाईला शेवटची प्रॅक्टिस केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या नेहमीच्या गळात शिशाचं वजन नाहीतर आमिषाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागे ओढली जाते. फ्लायमध्ये उलटं आहे. फ्लाय म्हणजे बारक्या हूकवर पिसं-दोरे बांधून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही, त्यामुळे वजन दोरीत असतं. जाडसर, वजनदार लाईन हवेत मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग रॉड पुढे आणून झटकन थांबवायचा, आणि लाईन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन त्या किड्याला अलगद नेऊन ठेवते. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. जोर लावून काही होत नाही, उलट जोर लावला की लाईन गोळा होऊन पडते. मैदानावर हूकच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधतो, म्हणजे फिरायला येणाऱ्या आजोबांना आणि कुत्र्यांना धोका नाही.

दुपारी काकांकडे फ्लाय बांधायला बसलो. काका हे सगळं इथल्याच सामानातून करतात याचं मला फार कौतुक आहे. कोंबड्याच्या मानेची पिसं मुळशीकडच्या एका ओळखीच्या घरातून, बारीक तांब्याची तार रविवार पेठेतून, रेशमाचा दोरा तुळशीबागेतून, आणि मोराची गळून पडलेली पिसं शिरूरजवळच्या मोराची चिंचोलीहून. मोरपिसाचा एक एक केस, म्हणजे डोळ्याच्या खालच्या दांड्यावरचे ते लांब धागे असतात ना, तो एकच धागा हूकच्या दांडीवर गुंडाळत न्यायचा, की तपकिरी-हिरवट चमकणारं किड्याचं अंग तयार होतं. काकांची बोटं जाड आहेत, पण १६ नंबरच्या हूकवर, जो नखाच्या पांढऱ्या भागापेक्षा फार मोठा नसतो, ते तीन मिनिटात निंफ, म्हणजे पाण्याखालच्या पंख न फुटलेल्या किड्यासारखी फ्लाय, बांधतात. प्रत्येक हूकचा काटा, म्हणजे मासा सुटू नये म्हणून उलट वळवलेलं जे टोक असतं ते, त्यांनी पकडीने दाबून सपाट केलं. काटा नसला की मासा पटकन सोडवता येतो आणि त्याच्या तोंडाला इजा कमी होते.

शनिवार-रविवार, झेलम एक्स्प्रेस

झेलमने अंबाल्यापर्यंत. विमानाने चंदीगड गाठता येतं, पण काकांना ट्रेनच हवी होती कारण खिडकीतून नद्या दिसतात. रविवारी उजाडता उजाडता नर्मदा आली, दुपारनंतर धोलपूरजवळ चंबळ, आणि प्रत्येक पुलावर काका दारात उभे. बाकी सांगण्यासारखं काही नाही, झोपलो, खाल्लं, पत्ते खेळलो, मध्यरात्रीच्या सुमारास अंबाल्याला उतरलो.

सोमवार, अंबाला ते गुशैणी

पहाटे गाडी केली. किरतपूरपासून पुढे नवा चौपदरी रस्ता झालाय, बोगद्यांमागून बोगदे, त्यामुळे पूर्वीपेक्षा प्रवास खूप सोपा झालाय असं ड्रायव्हर सांगत होता. पण मला त्या रस्त्यावर वेगळंच काहीतरी दिसत राहिलं. बिलासपूरजवळ खाली गोविंदसागर पसरलेला, म्हणजे भाक्राचा जलाशय, सतलज तिथे थांबलेली. मंडी सोडली की पंडोह धरण, तिथून बियासचं पाणी बोगद्यातून सतलजकडे वळवलंय. मग औटच्या अलीकडे लारजी, तिथे परत धरण. आपण पुणेकर आहोत, धरणांशिवाय आपल्या नळाला पाणी नाही हे मला पक्कं माहीत आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही नावं आपण शाळेपासून ऐकत आलोय, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगितल्या जातात. पण त्यामुळेच असं झालंय की माझ्या पिढीने मोकळी, बारा महिने स्वतःच्या मर्जीने वाहणारी नदी जवळपास पाहिलेलीच नाही. आपली मुठा शहरात पावसाळ्यात वाहते ती विसर्ग सुटला की, आणि बाकी वर्षभर तिच्यात काय वाहतं ते झेड ब्रिजवरून जाणाऱ्याला सांगायला नको.

औटचा लांब बोगदा लागायच्या आधी उजवीकडे वळलो की लारजी. इथे सैंज आणि तीर्थन या दोन नद्या येऊन बियासला मिळतात. आणि तीर्थनच्या बाजूने वर निघालो तसा पाण्याचा रंगच बदलला. खाली बियास राखाडी आणि ही हिरवट काचेसारखी पारदर्शक, तळाचा दगड न् दगड दिसतोय. काकांनी गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कठड्याशी उभे राहून बराच वेळ नुसते बघत बसले आणि म्हणाले, "अगं, ही बघ, हिच्यावर धरण नाहीये."

हे आपोआप झालेलं नाही. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्पांचे प्रस्ताव आले होते आणि खोऱ्यातल्या लोकांनी विरोध केला, त्यात तिथले माजी आमदार दिलेराम शबाब पुढे होते, आणि प्रकल्प रद्द झाले. गावात आजही त्यांचं नाव आदराने घेतात. नदी ठेवली तर मासा राहील, मासा राहिला तर पाहुणे येतील, असा साधा हिशोब त्यांनी मांडला होता असं आमच्या होमस्टेच्या ताईंनी सांगितलं. आज गुशैणी-बंजारकडची किती घरं पाहुण्यांवर चालतात ते बघितलं की तो हिशोब पटतो.

गुशैणी साधारण दीड हजार मीटरवर आहे, इथे फलाचन नावाचा ओढा तीर्थनला मिळतो. होमस्टे पलीकडच्या काठाला, लाकडी पुलावरून जायचं. रात्री राजमा, भात आणि सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला गोळा, आत अक्रोडाचं सारण, वरून तूप. दादाने तिथल्या तिथे जाहीर केलं की मासे लागले नाहीत तरी चालेल.

मंगळवार, पुलाच्या खाली

सकाळी मत्स्य विभागाचं लायसन्स हातात आलं. दिवसाच्या हिशोबाने मिळतं, किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीच्या वरचेच, हे नियम आहेत, आम्ही एकही ठेवणार नव्हतो तरी कागद खिशात हवाच.

आमचा गाईड तिथलाच, पंचविशीतला मुलगा, आम्ही त्याला भाई म्हणायचो आणि तो काकांना अंकलजी. त्याने पहिला एक तास रॉड जोडूच दिला नाही. म्हणाला, पहले पानी देखो. काठावर बसवलं आणि दाखवत गेला. नदी इथे मोठमोठ्या धोंड्यांमधून उतरते, प्रत्येक धोंड्याच्या पुढे पाण्याची एक उशी तयार होते आणि मागे शांत जागा. ट्राउटला जोराच्या प्रवाहात उभं राहायला ताकद खर्च करायची नसते, पण जेवण मात्र प्रवाहातूनच वाहत येतं. म्हणून तो शांत पाण्यात, पण धारेच्या अगदी कडेला उभा राहतो, तोंड वरच्या अंगाला, आणि समोरून काही आलं की धारेत जाऊन उचलून परत जागेवर. म्हणजे नदीचं पाणी वाचता आलं तर मासा न दिसता सांगता येतं की तो कुठे असेल. आणि तोंड वरच्या अंगाला असल्यामुळे आपण खालच्या अंगाने, मागून जायचं, वाकून. पाण्याखालून माशाला वरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशाच्या शंकूतून, त्यामुळे आपण जितके बुटके तितके त्या खिडकीच्या कडेला राहतो. दादा सहा फुटी आहे, बिचारा दिवसभर गुडघ्यावर होता.

मग भाईने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. दगडाची खालची बाजू जिवंत होती. चपटे, करडे किडे, तीन शेपट्यांचे, दगडाला घट्ट चिकटून सरकत होते, ते मेफ्लाय नावाच्या किड्याचे निंफ, म्हणजे पंख फुटायच्या आधीची पिल्लं. एक जरा मोठा, पिवळट तपकिरी, दोन शेपट्यांचा, तो स्टोनफ्लाय नावाच्या किड्याचा. आणि कोपऱ्यात वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेल्या बारक्या नळ्या, अर्ध्या इंचाच्या, नळीच्या तोंडातून काळं डोकं आणि पाय बाहेर, त्या कॅडिस नावाच्या किड्याच्या अळ्या. रेशमासारखा धागा काढून स्वतःभोवती कण विणत जातात. त्यातले काही कण चमकत होते, अभ्रकाचे असावेत. हीच ट्राउटची भाकरी. स्टोनफ्लायला थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, ते नसेल तर तो दिसतच नाही. आपल्याकडे घाण पाण्यात तळाशी लाल किडे दिसतात, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे ते कमी प्राणवायूत तग धरतात. नदीची तब्येत कळायला लॅबच लागते असं नाही, दगड उलटा केला तरी बरंच कळतं.

काकांनी डबी उघडून मोरपिसाचा निंफ त्या खऱ्या किड्याशेजारी दगडावर ठेवला. भाईने दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, अंकलजी, ये चलेगा. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्याच निंफवर दुपारी पहिला मासा काकांना लागला. धोंड्याच्या कडेने लाईन वाहत आली, तिचं टोक एका जागी जरासं अडखळलं, काकांनी रॉड वर केला आणि रॉड वाकला. वीतभर ब्राऊन ट्राउट. काकांनी आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागू शकते, हूक बोटाने उलटा ढकलून काढला आणि पाण्याखालीच सोडला. वर उचललाही नाही.

बुधवार

रात्री वर कुठेतरी पाऊस झाला असावा, सकाळी पाणी चढलेलं आणि मळकट. भाई म्हणाला, दुपारपर्यंत थांबा. थांबलो. आम्ही मासेमारीऐवजी खोऱ्यातल्या सरकारी ट्राउट फार्मवर जाऊन आलो. सिमेंटच्या लांब टाक्या, त्यातून सतत वाहतं नदीचं पाणी आणि त्यात रेनबो ट्राउट. ताटात येतो तो बहुतेक हा, नदीत दिसतो तो जास्त करून ब्राऊन.

दोन्ही इथले नाहीत हेही सांगायला हवं. ट्राउट इंग्रजांनी आणला, आधी काश्मीरमध्ये १९०० च्या आसपास, आणि कुलूमध्ये १९०९ ला हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने काश्मीरहून अंडी आणून महिली इथे हॅचरी काढली. या नद्यांचा मूळ मासा म्हणजे स्नो ट्राउट, ज्याला इथे गुगली म्हणतात, तो खरा ट्राउट नाही, आपल्या महाशीरच्या कुळातला, तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. आमच्या या ट्रिपमध्ये एक गुगली दादाच्या निंफला लागला, रुपेरी, बारीक खवल्यांचा. मला मनापासून वाटतं की ट्राउटच्या कौतुकात या माशाकडे दुर्लक्ष होतं, आणि तो जास्त कौतुकाचा आहे, कारण तो इथलाच. काकांना लगेच लोणावळ्याची आठवण झाली, वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात महाशीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात. महाशीरसाठी आपल्याकडे एवढं केलं जातं तर गुगलीसाठी इथेही व्हायला हवं.

दुपारी पाणी निवळलं पण वारा सुटला, काही हाताला लागलं नाही.

गुरुवार, पार्कच्या गेटपर्यंत

आज रॉड होमस्टेवरच. नदीच्या काठाने ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालत गेलो, गुशैणीपासून आठेक किलोमीटर, चढ फार नाही पण दमवतो. हा पार्क साधारण ७५४ चौरस किलोमीटरचा, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि तीर्थन वरती याच्याच डोंगरांमध्ये उगम पावते. तिथलं जंगल सलामत आहे म्हणून खाली पाणी इतकं थंड आणि सारखं येतं. मी थर्मामीटर नेला होता, सकाळी नदीचं पाणी ११ अंश. यात नुसता गारठा महत्त्वाचा नाही, पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, २५ अंशाला साधारण ८. ट्राउटला पाणी विशीच्या वर गेलं की त्रास व्हायला लागतो. म्हणून तो आपल्याकडे सह्याद्रीत नाही आणि आणून सोडला तरी उन्हाळा काढणार नाही.

वाटेत गवत कापायचा हंगाम चालू होता. बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन उतारावरून येत होत्या, छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, पिवळीधमक, घराघरावर. काठावरच्या झाडांची पानं नुकती पिवळी पडायला लागली होती. एका आजींनी थांबवून सफरचंदं दिली, पैसे घेतले नाहीत, कुठून आलात विचारलं, पुना म्हटल्यावर बंबईच्या जवळ ना, असं म्हणाल्या आणि काका तिथेच त्यांना पुणं आणि मुंबई वेगळी कशी ते समजवायला लागले.

एका ठिकाणी मात्र फार वाईट वाटलं. रस्त्याच्या कामाचा राडारोडा सरळ उतारावरून नदीत ढकललेला, माती आणि खडी पाण्यापर्यंत आलेली. आता हे का वाईट ते सांगते. ब्राऊन ट्राउटची मादी थंडी सुरू झाली की उथळ पाण्यातल्या बारीक गोट्यांमध्ये शेपटीने खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वर गोटे लोटते. गोट्यांच्या फटीतून पाणी खेळतं, त्यातून अंड्यांना प्राणवायू मिळतो. पाणी पाच अंशाच्या आसपास असलं तर पिल्लं बाहेर यायला जवळजवळ तीन महिने लागतात. त्या काळात वरून बारीक माती आली की फटी बुजतात आणि अंडी आतल्या आत गुदमरतात. वरून नदी स्वच्छ दिसत राहते, पण त्या वर्षीची पिढी गेलेली असते. २०२३ च्या जुलैमध्ये कुलू भागात मोठा पूर आला, पुरानेही पात्रं बदलतात, पण पूर गोटे धुऊनही काढतो. राडारोड्याचं तसं नाही, तो प्रत्येक पावसात थोडा थोडा उतरत राहतो. नदीवर धरण होऊ दिलं नाही त्या लोकांच्या खोऱ्यात हे व्हायला नको.

शुक्रवार, दिवसभर

आजचा दिवस माझा होता. घटस्थापना झालेली, आईचा सकाळी फोन, उपास करतेयस ना, मी हो म्हटलं आणि खरंच सफरचंदांवर आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर दिवस काढला.

सकाळी भाई आम्हाला वरच्या अंगाला घेऊन गेला जिथे रस्ता नदीपासून लांब जातो. गाड्यांचे आवाज नाहीत, माणसं नाहीत. नदी तिथे एका मोठ्या धोंड्याला वळसा घालून लांब, संथ डोहात उतरते आणि डोहाच्या शेवटी गुडघाभर पाणी होऊन परत धावायला लागते. दहाच्या सुमारास ऊन पाण्यावर आलं आणि वर हवेत बारीक भुरके किडे दिसायला लागले, पंख फुटलेले कॅडिस, वेडेवाकडे उडणारे. मग डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी पातळ होतं तिथे, एक बारीकसं वर्तुळ उमटलं. थोड्या वेळाने परत, त्याच जागी. भाई काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी तरंगणारी फ्लाय बांधली, हरणाच्या केसांची कॅडिस, केस पोकळ असतात म्हणून ती बुडत नाही. मागे झाडं होती, म्हणजे लाईन मागे उलगडायला जागाच नाही, म्हणून रोल कास्ट, लाईन पाण्यावरच ठेवून रॉड हळू मागे न्यायचा आणि पुढे झटकला की लाईन पाण्यावरून गुंडाळत जाते. पहिल्यांदा फ्लाय बरोबर त्या जागेच्या वर पडली आणि वाहत आली, पण मधल्या जोराच्या धारेने लाईनचा पोटाचा भाग पुढे ओढला आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत सरकली. खरा किडा असा सरकत नाही. मासा वर आला, फ्लायच्या खाली वीतभर अंतरावर, बघितलं आणि परत खाली. मी त्याला पूर्ण बघितला. पिवळसर अंग, शेपटीची सावली तळावर.

त्याला थोडा वेळ विसावू दिलं. भाई म्हणाला दस मिनट, आम्ही तिथेच ओणवे बसून राहिलो, काका मागे एका धोंड्यावर, दादा दुर्बिणीतून बघतोय. वर्तुळ परत उमटलं. या वेळी लाईन पडली तशी मी लगेच तिचा पोटाचा भाग रॉडच्या टोकाने उचलून वरच्या अंगाला टाकला, याला मेंड करणं म्हणतात, म्हणजे धारेला लाईन ओढायला काही क्षण जास्त लागतात आणि तेवढ्यात फ्लाय मोकळी, प्रवाहाच्याच वेगाने वाहते. ती आली, आली, आणि त्याने काही घाई न करता तोंड वर काढलं, फ्लाय आत घेतली, तोंड मिटलं. मग मी रॉड उचलला.

नंतरचं मला सलग आठवत नाही. तो आधी डोहात खोल गेला, मग एकदम धोंड्याकडे, रीलचा आवाज, भाई ओरडतोय की रॉड आडवा करा, आडवा करा, धोंड्याखाली गेला तर लाईन कापली जाईल. पाणी मांडीपर्यंत, पाय बधिर झालेले. शेवटी तो उथळ पाण्यात आला आणि भाईने खाली जाळी धरली.

दीड वीत लांब, नर, खालचा जबडा टोकाला वर वळायला लागलेला, विणीचा हंगाम जवळ आला की नरांना तो हूकसारखा बाक येतो. पाठ गडद शेवाळी, बाजूने हळूहळू पिवळी होत पोटाला लोण्याचा रंग. अंगावर काळे ठिपके आणि मधून मधून लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. तांबडा रंग मी इतका शुद्ध कुठे पाहिलेला नाही. त्याचे कल्ले उघडझाप करत होते. मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यातच धरून ठेवला, तोंड प्रवाहाकडे, दमलेल्या माशाला असंच धरायचं असतं, त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यायचं, आणि तो स्वतःहून निघेपर्यंत सोडायचं नाही. तो निघाला तेव्हा शेपटीचा एकच फटका माझ्या मनगटावर बसला.

फोटो दादाने काढला पण त्यात माझी पाठ आणि पाणी एवढंच आहे.

त्यानंतर दिवसभरात काकांना आणखी काही लागले, दादालाही एक चांगला, पण मी रॉड खाली ठेवला आणि नुसती बसून राहिले. काका शेजारी येऊन बसले. म्हणाले की त्यांच्या लहानपणी मुठेत लकडी पुलाखाली पोरं पोहायची आणि तळाचे गोटे दिसायचे, आणि आजोबा त्यांना नदीवर घेऊन जायचे तेव्हा पाणी ओंजळीने प्यायचे. मी हे आधी ऐकलं होतं. पण तीर्थनच्या काठी ऐकताना पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं की ते म्हणतायत ती नदी नेमकी कशी असेल.

शनिवार, परतीला

लारजीला परत थांबलो, तीर्थनचं हिरवं पाणी राखाडी पाण्यात मिसळताना काही अंतर वेगळं दिसतं आणि मग दिसेनासं होतं.

कुणाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी. लायसन्स काढाच, तिथले लोक आणि मत्स्य विभागाचे रक्षक दोघेही विचारतात. हूकचे काटे दाबून न्या. ९ फुटी, ४ किंवा ५ वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) रॉड पुरतो. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर उथळ गोट्यांच्या जागांवर पाय ठेवू नका, तिथे अंडी असू शकतात. आणि लोकल गाईड घ्या, कारण त्याचं पोट नदीवर असेल तर नदी राहील.

काका आणि मी असं ठरवलंय की पावसाचं पाणी ओसरलं की नोव्हेंबरमध्ये टेमघरच्या वर मुठेला, पानशेतच्या वर आंबीला आणि वरसगावच्या वर मोसेला जायचं, धरणांच्या मागच्या फुगवट्याच्याही वरती, जिथे ओढे अजून मोकळे उतरतात, आणि तिथले दगड उलटून बघायचे. मेफ्लाय आणि कॅडिस मिळायला हरकत नाही. काय सापडतं ते जागेसकट लिहून ठेवणार आहोत आणि दर हिवाळ्यात परत जाऊन बघणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या, रॉड नको, एक पांढरी प्लास्टिकची ताटली आणि गुडघ्यापर्यंतचे बूट आणा.